मुदत सात दिवस

२ एप्रिल

ताई,

पंधरा वर्षांची सवय आहे म्हणून ताई लिहिलं. त्यात आदर शोधू नका.

काल सकाळी साडेनऊला तुम्ही माझ्या मुलीला माझ्या घरातून घेऊन गेलात. तिची बॅग तुम्ही भरलीत, केस तुम्ही विंचरलेत, आणि निघताना दारात उभ्या राहून मला ऐकवलंत, "सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे." असलं 'तर प्रश्न आहे' पूर्वीही एकदा कोणीतरी म्हणून गेलंय. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुमचीच बहीण होती.

तुमच्या अटी मला पाठ आहेत. फोन करायचा नाही. पत्र लिहायचं ते तुमच्या नावाने. ते तुम्ही वाचणार आणि त्यातलं तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवणार. आणि तिसरी, तिला चिठ्ठी पाठवायची नाही, एकही नाही. यातली एक अट जरी मोडली तरी साहेब वर्षभर तुमच्याकडे राहणार आणि शाळेत नावही तिकडेच घालणार. मी सही केली. समुपदेशक बाईंनी पेन पुढे केलं, आणि मी जन्मभर कागदांवर सह्याच करत आलोय, हात आपोआप गेला. सही माझी आहे, संमती माझी नाही, एवढं लक्षात ठेवा.

(साहेब म्हणजे माझी मुलगी. तुम्हाला हे नाव आवडत नाही. मी दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासतो आणि घरी आलो की ती मला तपासते, म्हणून ती साहेब.)

तिच्या दप्तरात तुम्हाला जो तपासणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला तो माझ्या खात्याच्या पॅडमधला आहे. सरकारी कागद आहे, परत पाठवा. तुम्ही तो समुपदेशक बाईंच्या टेबलावर असा आपटलात की जणू मी मुलीच्या दप्तरात दारूची बाटली लपवली होती. खेळायला घेतल्या असतील तिने. मुलं घेतात.

आता कामाचं. ती झोपते त्या खोलीचं दार लावू नका. झोपण्यापूर्वी ती चार प्रश्न विचारेल: गॅस बंद आहे का, दार लावलं का, खिडकीची कडी घातली का, आणि बाबा बरा आहे का. पहिल्याच खेपेला ठाम उत्तर द्या. जरा अडखळलात की ती दुसऱ्यांदा विचारते, आणि दुसऱ्यांदा विचारलं की मग मोजत बसू नका. तुमचं घर सातव्या मजल्यावर आहे. तिला जिन्याने चढू द्या. लिफ्ट तपासणाऱ्याची मुलगी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही यावर माझ्या ऑफिसात सगळ्यांचं हसून झालंय, तुम्हीही उरकून घ्या.

तुमच्या बहिणीचा नवरा

१० एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. पाच ओळी. वाणसामानाची यादीसुद्धा माणूस याहून जिव्हाळ्याने लिहितो.

दुसऱ्या ओळीत लिहिता, 'आज तिला गाडीतून फिरवून आणलं.' मी म्हटलं, बरं झालं, जरा मोकळी हवा. चौथ्या ओळीत कळतं की स्टिअरिंगवर तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा शिकाऊ विद्यार्थी होता, पेशाने दातांचा डॉक्टर, शिकवणीचा तिसरा दिवस. ताई, शाळेच्या बसचा ड्रायव्हर जांभई देताना दिसला म्हणून ही मुलगी हिवाळ्याच्या सुट्टीपासून शाळेत गेलेली नाही. तिला तुम्ही दातांच्या डॉक्टरच्या मागे बसवलंत. आणि त्याने गाडी फुटपाथवर चढवली तेव्हा ती हसली म्हणे. ते हसणं नव्हे. माझ्या मुलीचं हसणं कसं असतं ते मला माहीत आहे, आणि ते फुटपाथवर चढल्याने येत नाही.

तुमचं काय जातंय? तुमच्या पायाखाली जादा ब्रेक असतो. चूक दुसऱ्याने करायची, गाडी तुम्ही थांबवायची, आणि वर 'शाबास' म्हणायचं. बापाला कोणी असला ब्रेक बसवून देत नाही.

आणि ती 'गॅस बंद आहे का' विचारते तेव्हा तुम्ही उत्तर देता, 'तुला काय वाटतं?' हे उत्तर झालं? लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतून ओरडतो, कोणी आहे का, तर बाहेरून मी विचारू का, तुला काय वाटतं म्हणून? समुपदेशक बाई हे शिकवत असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा, लांबून.

तुम्ही लिहिता की ती रोज विचारते, 'बाबा बरा असेल ना?' आणि तुम्ही सांगता, 'असेल.' असेल! 'आहे' म्हणायला तुमचं काय खर्च होत होतं?

सोबत पार्सल पाठवतो आहे. दोन फ्रॉक, चपला, आणि तिचं नकाशांचं पुस्तक. पुस्तकाला मी नवं कव्हर घातलंय, ते काढू नका, तिला नीट घातलेलं कव्हर आवडतं. पार्सलमध्ये याखेरीज काहीही नाही. तुम्ही उघडून बघणार आहातच, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे कष्ट घेऊ नका.

तुमच्या बहिणीचा नवरा

२२ एप्रिल, सकाळ

ताई,

काय केलंत तुम्ही माझ्या मुलीला?

अठरा तारखेच्या सकाळपासून ती चपला घालून दाराशी बसली आहे, जेवत नाही, दोनदा उलटी झाली, नकाशांचं पुस्तक मांडीवरून खाली ठेवत नाही, आणि 'मला बाबाकडे जायचंय' याखेरीज शब्द बोलत नाही. हे तुम्ही मला बावीस तारखेला कळवता. पत्राने! आणि सोबत विचारता, 'तुम्हाला काही कल्पना आहे का?' मला कल्पना? मूल तुमच्या घरात, कुलूप तुमच्या दाराला, अटी तुमच्या, आणि कल्पना मला?

सतरा तारखेपर्यंत सगळं छान चाललं होतं असंही तुम्हीच लिहिता. रोज जेवत होती. लिफ्टच्या उघड्या दारात दोन मिनिटं उभी राहिली होती. मग एका रात्रीत काय बिघडलं? कोणीतरी तिला काहीतरी बोललंय. तुम्ही बोलला असाल. तुम्हाला खरं बोलायची वाईट खोड आहे, समोर मूल आहे की म्हातारं ते न बघता. तीन वर्षांपूर्वी बघितलंय मी.

मी उद्या सकाळच्या बसने येतोय. तिकीट काढलंय. तुमचा तो अटींचा कागद तुमच्या समुपदेशक बाईंना फ्रेम करून द्या.

तोच दिवस, दुपार

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, पोस्टाचं तिकीट नव्हतं म्हणून ऑफिसात घेऊन गेलो. ते फाडून टाकता आलं असतं. फाडत नाही. वाचा.

ऑफिसात पहिलं काम म्हणून पॅड उघडलं. आमच्या पॅडमध्ये कार्बन असतो. वरची चिठ्ठी फाडून लिफ्टच्या भिंतीवर लावायची, खालची प्रत पॅडमध्येच राहते, म्हणजे उद्या कोणी म्हणालं की तपासणी झालीच नाही तर दाखवता येते. मागची पानं चाळताना एक प्रत समोर आली. अक्षर माझंच.

'तपासले: वडील. स्थिती: उत्तम, चालू. तपासणीची तारीख: १० एप्रिल. वैध मुदत: १७ एप्रिल.' खाली सही.

पार्सलमध्ये काही नाही असं मी लिहिलं होतं ते खोटं होतं. पुस्तकाच्या नव्या कव्हराखाली ही चिठ्ठी होती. तिला बरोबर सापडणार हे मला ठाऊक होतं, आणि तुम्हाला सापडणार नाही हेही.

मुदत मी मुद्दाम घातली नाही. चिठ्ठीवर तो रकाना छापलेलाच असतो. मुदत नसलेली चिठ्ठी आमच्याकडे बाद धरतात. वीस वर्षं माझा हात त्या रकान्यापाशी येतो, पुढची तारीख टाकतो आणि सहीकडे वळतो. जुन्या, खडखडणाऱ्या लिफ्टला आम्ही एका आठवड्याचीच मुदत देतो. मी डोकं न वापरता तीच दिली. सतरा तारखेला माझ्या मुलीच्या हिशेबाने तिचा बाप संपला, आणि अठराला ती चपला घालून दाराशी बसली. तुम्ही तिला काहीही बोलला नव्हतात.

दप्तरातल्या त्या चिठ्ठ्याही तिने खेळायला घेतलेल्या नाहीत. सगळ्या मी लिहिल्यात. तीनशे चाळीस आहेत, प्रती माझ्याकडे आहेत, आज बसून मोजल्या.

बसचं तिकीट परत केलं. बॅग भरून दाराशी ठेवली होती, तरी परत केलं. मी आलो तर मीच नवी चिठ्ठी होणार, दोन पायांची. मग माझी मुदत कधी संपते ते ती मोजत बसणार. एवढं मला आज कळलं, आणि ते तुमच्या घरापासून सहा तास लांब, खुर्चीत बसून कळलं याचा मला भयंकर राग येतोय. राग कोणावर ते विचारू नका, तुमच्यावरही आहे.

कव्हर काढा. चिठ्ठी तिच्यासमोर काढा, लपूनछपून नको. अट मी मोडली, हे लेखी देतोय. आता तिला वर्षभर ठेवून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. आयतं हत्यार दिलंय, चालवा.

४ मे

ताई,

तुम्ही हत्यार चालवलं नाहीत. त्याहून वाईट केलंत. तुम्ही लिहिलंत, 'ती आता जेवते आहे. तिला ठेवून घ्यायचं की नाही ते नंतर बघू. आधी तिला एक पत्र लिहा, आणि तुम्ही कसे आहात, कधीपर्यंत असाल, या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात द्या.' वाचून अंगाचा तिळपापड झाला. मुलीने दोन घास खाल्ले आणि तुम्ही लगेच तिच्या बापाला धडे द्यायला बसलात.

जादा ब्रेकवरूनही तुम्ही मला सुनावलंय. म्हणे पहिल्या वर्षी तुमचा पाय सारखा त्या ब्रेकवर असायचा, आणि त्या वर्षी तुमचा एकही विद्यार्थी परीक्षेत पास झाला नाही. पाय बाजूला ठेवायला शिकायला दोन वर्षं लागली म्हणे. हे मला कशाला सांगता ते कळलं. इतका मी मठ्ठ नाही.

चिठ्ठ्या कशा सुरू झाल्या ते तुम्ही विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं. तुमची बहीण जाऊन महिना झाला होता. मला साधा खोकला झाला होता, तर नऊ वर्षांची पोर येऊन माझ्या छातीला कान लावून बसली. हलेना. शाळेला उशीर होत होता. मी गंमत म्हणून पॅड काढलं, आरशासमोर उभा राहिलो आणि स्वतःची तपासणी केली. दोर ठीक. ब्रेक ठीक. दरवाजा करकरतो, तेल घालावे. मुदत एक महिना. सही करून चिठ्ठी तिच्या हातात दिली, आणि ती हसली, ताई. महिन्याभरात पहिल्यांदा. तुम्ही त्या खोलीत असता तर तुम्हीही दुसरी चिठ्ठी लिहिली असती.

तिसाव्या दिवशी ती स्वतः पॅड घेऊन आली. मग मी पंधरा दिवसांची मुदत दिली. माझा विचार असा की तारीख जितकी जवळची तितकी खात्री जास्त. जुन्या लिफ्टच्या बाबतीत आम्ही तेच करतो, बिघडायची भीती वाढली की मुदत कमी करतो आणि जास्त वेळा तपासतो. लिफ्टला ते मानवतं. पंधरा दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा दिवस. मग गॅसची चिठ्ठी, दाराची, शाळेच्या बसची. बसच्या चिठ्ठीवर सही करताना मी बस बघितलीसुद्धा नव्हती. वीस वर्षांत न बघता केलेली ती माझी पहिली सही.

आणि दुसरं, जे तुम्ही कधीच काढलं नाहीत. इतक्या वर्षांत एकदा तरी काढायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं. हॉस्पिटलात, पाण्याच्या पिंपापाशी, दुपारी. पोरीने आपल्या दोघांनाही विचारलं, आई घरी येणार ना? तुम्ही खाली बसलात, तिचे हात धरलेत आणि म्हणालात, "नक्की सांगता येत नाही गं, बाळा." मी तुम्हाला उठवलं. लोकांसमोर बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, इथे लिहीत नाही. मग मी तिला म्हणालो, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. गुरुवारी आई घरी."

बुधवारी गेली.

पहिल्या पत्रात 'कोणीतरी म्हणून गेलंय' असं लिहिलं होतं. तो कोणीतरी मी.

तुम्हाला घरी येऊ नका असं मी सांगितलं आणि तुम्ही तीन वर्षं आला नाहीत. मुलीने मला एकदाही गुरुवारचा जाब विचारला नाही. तुमचं खरं निघालं आणि माझं खोटं, तरी ती मलाच विचारत राहिली, रोज चार वेळा, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. वाटायचं, बघा, माझ्यावर किती विश्वास आहे. आता वाटतं, ती मला सुधारायची संधी देत होती आणि मी दर वेळी तेच उत्तर देत होतो.

तुम्ही बरोबर होतात. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

तिचं पत्र सोबत आहे. सहा वेळा लिहिलं. आधीच्या पाचांत कुठे ना कुठे 'नक्की' हा शब्द आला होता.

*

साहेब,

तू मावशीला विचारतेस, बाबा बरा असेल ना. मला विचारलं असतंस तर मी पॅड काढलं असतं. आता पॅड ऑफिसात ठेवून आलोय आणि साध्या कागदावर लिहितोय.

मी लिफ्ट तपासतो म्हणजे काय करतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. दोर बघतो, ब्रेक बघतो, दाराचं कुलूप बघतो. मग लिहितो की आज, इतक्या वाजता, मी हे बघितलं आणि हे ठीक होतं. बस एवढंच. दुसऱ्या दिवशी काय होईल ते मला माहीत नसतं. मुदतीची तारीख म्हणजे मी पुन्हा कधी बघायला येईन त्याची तारीख. तोपर्यंत काही होणार नाही असं ती सांगत नाही. तुझ्या चिठ्ठ्यांत मी तसं भासवलं. ते मला लिहिता येत नव्हतं, तरी लिहिलं.

आईच्या वेळीही मला माहीत नव्हतं. माहीत आहे असं सांगितलं. चूक माझी. मावशीने खरं सांगितलं होतं.

मी कधीपर्यंत बरा असेन, मला माहीत नाही. आज सकाळी दोन उकडलेली अंडी खाल्ली, बस चुकली, मागे धावलो, धाप लागली, कंडक्टर हसला. आजचं एवढं माहीत आहे. उद्याचं मला नाही, मावशीला नाही, कोणालाच नाही, आणि तरी सगळे सकाळी उठून कामाला जातात. मीही जातो. भीती मलाही वाटते. तुला सांगितली नाही, कारण मला वाटायचं बापाने सांगायची नसते.

दुसऱ्यांदा विचारलंस तरी उत्तर हेच आहे.

बाबा

१५ मे

ताई,

परवा तुमच्याकडे आलो तेव्हा आपण दोघं एकमेकांना सोडून सगळ्यांशी नीट बोललो, हे चांगलं झालं. चहात साखर जास्त होती. तुम्ही 'घेऊन जा तिला' म्हणालात ते इतक्या कोरडेपणाने, की आभार मानायचे होते ते मानले नाहीत. इथेही मानत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी, आणि ती तुम्ही बघितली नाहीत, कारण तुम्ही वर सातव्या मजल्यावर होतात.

मी तुमच्या इमारतीत शिरलो आणि जिन्याकडे वळलो, तर लिफ्टचं दार उघडलं. आत साहेब. एकटी. सहा आठवड्यांत उंच झाली आहे, की मीच तिला इतके दिवस खाली वाकून बघत होतो, कोण जाणे. मी जवळ घेणार तर म्हणाली, "आधी आत ये. मी दार धरून ठेवलंय, वरचे लोक ओरडतात."

मी आत पाय टाकला आणि धंद्याच्या सवयीने नजर पहिली भिंतीवरच्या चिठ्ठीवर गेली. काचेमागे होती, नीट लावलेली. मुदत २७ मार्चला संपलेली. सत्तेचाळीस दिवस झाले होते. मी पाय मागे घेतला.

"जिन्याने जाऊ या," मी म्हणालो. "बसमध्ये बसून पाय आखडलेत."

"तू चिठ्ठी वाचलीस," ती म्हणाली.

"कुठली चिठ्ठी?"

"बाबा."

मी पुन्हा भिंतीवरच्या तारखेकडे बघितलं.

"ती मी यायच्या आधीच संपलीये. मी पहिल्याच दिवशी वाचली."

"मावशीला सांगितलंस?"

"नाही. ती घाबरली असती."

हे तुमच्यासाठी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं.

"मग तू जातेस कशी?" मी विचारलं.

"भीती वाटते," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यापर्यंत खूप वाटते, मग कमी होते. मावशी म्हणते, वाटू दे. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा एकटी गेले." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं, ती रोज संध्याकाळी मला तपासते तसं. "तुला वाटतेय का?"

मी वीस वर्षं लिफ्टच्या छपरावर उभा राहून काम केलंय. दोराला लटकलोय. मुदत संपलेल्या लिफ्टमध्ये माझी मुलगी उभी होती आणि माझे पाय खरोखर हलत नव्हते.

"हो," मी म्हणालो.

तिने हात पुढे केला. "ये. सात मजल्यांचा तर प्रश्न आहे."

ते वाक्य तिला आठवत होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिचा हात धरून आत गेलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने माझी बोटं चुरगळली, मग सैल सोडली. मी नाही सोडली. वर दारात तुम्ही उभ्या होतात आणि म्हणालात, "आलात? उशीर झाला." माझे डोळे तुम्हाला लाल दिसले असतील तर प्रवासाची धूळ समजा.

ती इथे आल्यापासून गॅसचं दोनदा विचारून झालंय. काल घराची किल्ली सापडेना तर दोन तास रडली, मीही वैतागलो, तिला ओरडलो, मग माफी मागितली. सगळं सुतासारखं सरळ झालंय असं तुम्ही तुमच्या समुपदेशक बाईंना सांगू नका. सुट्टीतल्या वर्गांसाठी शाळेची बस सुरू आहे, सोमवारी त्या बसपर्यंत चालत जाऊन यायचं ठरलंय. बसमध्ये चढायचं की नाही ते ती तिथे ठरवणार. ड्रायव्हर जांभई देणार नाही असं मी सांगितलेलं नाही.

पुढच्या सुट्टीत तिला तुमच्याकडे यायचंय. दातांच्या डॉक्टरची परीक्षा झाली का, तेही तिला हवंय. तिला पाठवीन. मी स्वतः आणून सोडीन आणि चहा घेणार नाही.

तुमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाला मी खात्यातर्फे नोटीस पाठवली आहे. सत्तेचाळीस दिवस विनातपासणी लिफ्ट चालवल्याबद्दल. आठ दिवसांत तपासणी करून घ्या, नाहीतर लिफ्टला सील लागेल. नोटीस सरकारी आहे. ती व्यक्तिगत समजायची असेल तर माझी हरकत नाही.

साहेबांचा बाप

ता. क. परवा तुम्ही तिची बॅग भरत होतात तेव्हा मी गच्चीवर जाऊन लिफ्टची मशीनरूम उघडून घेतली. दोर बघितले, ब्रेक बघितला. ठीक आहेत. खाली आल्यावर हे तिला सांगणार होतो. ती चपला शोधत होती. तिने विचारलं नाही.